चौथऱ्यावर कोण उभं राहतं? पणजीच्या आझाद मैदानाची गोष्ट

(आमच्या रेडिओ केंद्रावरून सादर झालेलं भाषण. मैत्रिणींच्या मागणीवरून इथे छापत आहोत.)

हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

मागच्या हिवाळ्यात आमच्या बचत गटांची सहल गोव्याला गेली होती. मंगेशीचं दर्शन झालं, जुन्या गोव्याची मोठाली चर्चं पाहिली, मिरामारच्या वाळूत पाय भिजवून झाले. परतीची गाडी सुटायला तासभर वेळ होता, म्हणून पणजी शहरातल्या एका मैदानात आम्ही डबे सोडले. झाडांची सावली होती, मधे खांबांचा एक मंडप होता, बाजूला हुतात्म्यांचं स्मारक होतं. कुणी फोटो काढले, कुणी पाय पसरले. तेवढ्यात गटातल्या एका तरुण सुनेनं विचारलं, "हे कसलं स्मारक आहे? कोण मेलं होतं इथे?" आमच्यापैकी एकीलाही नीट सांगता येईना. गोवा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मुलं तिथे नोकरीला, लेकी तिथे दिलेल्या. आणि आम्हाला एवढंही ठाऊक नसावं?

घरी आल्यावर पुस्तकं मिळवली, जाणत्यांना विचारलं. जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी मैदान कसं झालं ते

आजची पणजी दोनशे वर्षांपूर्वी अशी नव्हती. मांडवी नदीच्या काठची दलदल, खाजण आणि थोडी वस्ती. पोर्तुगीजांची राजधानी होती ती वरच्या बाजूला, जुन्या गोव्यात. पण तिथे तापाच्या आणि पटकीच्या साथी इतक्या आल्या की माणसं शहर सोडून निघून गेली. मग हळूहळू कारभार पणजीला आला. १८२७ ते १८३५ या काळात मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रो नावाचा पोर्तुगीज अधिकारी गोव्याचा कारभार बघत होता. त्याने दलदल बुजवून रस्ते आखले आणि नदीजवळ सैन्यासाठी लांबलचक बराकी बांधल्या. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. बराकींच्या समोर जी मोकळी जागा राहिली, तेच आजचं आझाद मैदान.

त्या काळी मैदानाला नाव होतं आफोन्सो द आल्बुकर्क याचं. मधला खांबांचा मंडप बांधला तोही त्याचाच पुतळा ठेवायला. मंडपाचे खांब जुन्या गोव्यातल्या एका पडक्या धर्मस्थळातून आणले असं सांगतात. म्हणजे जुन्या राजधानीचे खांब, नव्या राजधानीतला चौक आणि मधे जिंकणाऱ्याचा पुतळा.

हा आल्बुकर्क कोण? त्यानेच १५१० साली गोवा आदिलशहाकडून घेतला. एकदा घेतला, काही महिन्यांत हातचा गेला, मग २५ नोव्हेंबर १५१० या दिवशी पुन्हा जिंकला. त्यानंतर शहरातल्या मुसलमानांची मोठी कत्तल झाली. आणि हाती लागलेल्या बायकांचं काय झालं? त्यांना बाटवून आपल्या सैनिकांशी त्यांची लग्नं लावायचं धोरण आल्बुकर्कने चालवलं, म्हणजे पोर्तुगीजांची वस्ती इथे मुळं धरील. त्याने सतीची चाल बंद केली, हेही इतिहासात नोंदलेलं आहे आणि ते सांगायलाच हवं. पण मैत्रिणींनो, दोन्ही गोष्टींत एक गोष्ट सारखी आहे. बाईचं काय करायचं ते बाईला विचारून ठरलं नाही. अशा माणसाचा पुतळा शंभरावर वर्षं त्या मंडपात उभा होता, आणि बाजाराला जाणाऱ्या बायका त्याच्या पायाखालून जात होत्या.

लग्नपत्रिकेलासुद्धा परवानगी

१९४७ साली इंग्रज गेले. आपल्याकडे झेंडे लागले, मुलांना पेढे वाटले. पण बांद्याच्या पलीकडे, दोडामार्गच्या पलीकडे पोर्तुगीज तसेच राहिले. पोर्तुगालमध्ये तेव्हा सालाझार या हुकूमशहाचं राज्य होतं आणि तो म्हणायचा, गोवा ही वसाहत नव्हेच, तो पोर्तुगालचाच भाग आहे.

तिथे राहणं कसं होतं? सभा घ्यायची तर परवानगी. चार ओळी छापायच्या तर आधी सरकारला दाखवायच्या. लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटली नव्हती. विचार करा. आपल्या लेकीच्या लग्नाचं आमंत्रण, त्यात मुहूर्त आणि मांडवाचा पत्ता, आणि तेही आधी सरकारी साहेबाने वाचायचं.

याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांमध्ये एक नाव फार मोठं आहे, डॉ. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, म्हणजेच टी. बी. कुन्हा. चांदर गावचे, १८९१ चा जन्म. पॅरिसला जाऊन शिकले. परत येऊन १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस समिती काढली. पुढे एक छोटी पुस्तिका लिहिली. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की राज्यकर्त्यांनी गोमंतकीय माणसाला त्याच्याच मातीत परका करून टाकलं आहे, आपली भाषा, आपली रीत यांची त्याला लाज वाटावी असं शिकवलं आहे. १९४६ साली त्यांना पकडलं, लष्करी न्यायालयापुढे उभं केलं आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात नेऊन ठेवलं. तिथून सुटून ते पॅरिसला निसटले आणि १९५३ साली मुंबईला पोचले. गोवा मुक्त झालेला त्यांना पाहायला मिळाला नाही. १९५८ साली मुंबईत ते वारले.

त्यांची भाची बेर्ता द मिनेझिस ब्रागांझा. मामा गेल्यावर त्यांचं 'फ्री गोवा' हे पत्र चालू ठेवण्याचं काम तिने अंगावर घेतलं. हे नाव लक्षात ठेवा. पुढे आणखी बायका येणार आहेत.

"पकडायचं तर आम्हालाही पकडा"

१८ जून १९४६. पावसाचे दिवस. डॉ. राममनोहर लोहिया आपले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे गोव्यात आले होते. त्या दिवशी मडगावात बंदी मोडून सभा घ्यायचं ठरलं. लोक भर पावसात जमले. पोलिसांनी दोघांना पकडलं, पण लोकांच्या मनातली भीती त्या दिवशी उतरली. म्हणून १८ जून हा गोव्यात क्रांती दिन म्हणून पाळतात.

त्याच दिवसांत मडगावच्या वत्सला कीर्तनी या तरुण मुलीने पुढे होऊन घोषणा दिल्या. तिला पकडलं. तेव्हा गावातल्या बायका पोलीस ठाण्यासमोर जमल्या आणि म्हणाल्या, तिला सोडा, नाहीतर आम्हालाही आत घ्या. ठाण्यासमोर बायका बसल्या की ठाण्याचं काय होतं, ते आपल्यातल्या दारूबंदीच्या मोर्चात गेलेल्यांना सांगायला नको.

पुढे १९५५ साल आलं. त्या वर्षी ६ एप्रिलला म्हापशाला नॅशनल काँग्रेस गोवा या संघटनेचं अधिवेशन बंदी मोडून भरवायचं होतं. अध्यक्ष कोण? पुण्याहून आलेल्या सुधाताई जोशी. भारतीय संस्कृतिकोश करणारे पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या त्या पत्नी. घर, संसार मागे ठेवून त्या सीमा ओलांडून गेल्या, भर गावात उभ्या राहिल्या आणि त्यांना अटक झाली. त्यानंतरची काही वर्षं त्यांनी पोर्तुगीजांच्या तुरुंगात काढली. मित्रा बीर यांच्यासारख्या तरुण मुलींनीही तुरुंग पाहिला. बाहेर आल्यावर मित्राताईंनी मुलींच्या आणि बायकांच्या शिक्षणाचं काम केलं.

त्याच वर्षी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्यासोबत सत्याग्रहींची तुकडी गोव्यात शिरली. मग १५ ऑगस्टला देशभरातून हजारो माणसं सीमेवर आली. हातात फक्त तिरंगा, काठीसुद्धा नाही. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. वीसहून जास्त माणसं त्या एका दिवशी गेली. बांद्याजवळच्या पत्रादेवीला मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या. त्यांना गोळी लागली. पंजाबचा कर्नेलसिंग पुढे सरसावला, तो तिथेच पडला. सहोद्राबाई वाचल्या आणि पुढे खासदार म्हणून लोकसभेत गेल्या. पत्रादेवीला आज स्मारक आहे. गोव्याच्या गाडीने जाताना ते रस्त्यावर लागतं.

जंगलातलं रेडिओ केंद्र

आता आपल्या जवळचा विषय. रेडिओ.

त्या सत्याग्रहानंतर सीमा बंद झाली. जाणं-येणं थांबलं. गोव्यातल्या लोकांना बाहेर काय चाललंय ते कळेना, कारण वर्तमानपत्रात सरकारला हवं तेवढंच छापून यायचं. तेव्हा लिबिया लोबो नावाची गोमंतकीय तरुणी आणि वामन सरदेसाई यांनी एक काम हाती घेतलं. एका ट्रकमध्ये प्रक्षेपणाची यंत्रं बसवली आणि आपल्या आंबोलीच्या जंगलात जाऊन गुप्त रेडिओ सुरू केला. त्याचं नाव 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. पहिलं प्रसारण झालं २५ नोव्हेंबर १९५५ ला. तारीख ओळखीची वाटली ना? आल्बुकर्कने गोवा जिंकला तीच तारीख, बरोबर ४४५ वर्षांनी.

कोकणी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांत ते बोलत. पोर्तुगीज कशाला? तर सैनिकांना आणि अधिकाऱ्यांनाही ऐकू जावं म्हणून. आंबोलीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. कपडे वाळत नाहीत, चूल पेटत नाही, जळवा चिकटतात. अशा जागी राहून लिहायचं, वाचायचं, यंत्र चालू ठेवायचं. पुढे केंद्र कॅसलरॉकला हलवलं. सहा वर्षं हा आवाज चालू राहिला.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. दोन दिवसांच्या आत, १९ डिसेंबरला, गव्हर्नर वासालो इ सिल्वा याने शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता, तो त्याने पाळला नाही आणि पुष्कळ जीव वाचले. त्या दिवशी लिबिया आणि वामन विमानात बसले. विमानाला कर्णा लावला होता. गोव्यावरून घिरट्या घालत त्यांनी लोकांना वरूनच सांगितलं, गोवा मुक्त झाला. पत्रकंही खाली टाकली. पुढे दोघांनी लग्न केलं. लिबियाताई गोव्याच्या पर्यटन खात्याच्या संचालक झाल्या. शंभरी गाठल्यावर, २०२५ साली, त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आमच्या केंद्राचा आवाज पंधरा किलोमीटरच्या पुढे जात नाही. माईकसमोर बसताना आमच्यातल्या कित्येकींचे हात अजून थरथरतात. पण आता आंबोलीचा घाट लागला की आम्हाला त्या ट्रकमधल्या बाईची आठवण येते.

पुतळा गेला, मग काय आलं?

गोवा मुक्त झाल्यावर आल्बुकर्कचा पुतळा मंडपातून हलवला. तो फोडला नाही. जुन्या गोव्याच्या सरकारी संग्रहालयात नेऊन ठेवला, आजही तिथे बघता येतो. आम्हाला हे बरं वाटलं. संग्रहालयातला पुतळा माहिती सांगतो. चौकातला पुतळा मान खाली घालायला लावतो. जागा बदलली की अर्थ बदलतो.

मैदानाचं नाव झालं आझाद मैदान. समोरच्या जुन्या बराकीत पोलीस मुख्यालय आहे आणि एका टोकाला एक संस्था आहे. तिचं नाव आधी वास्को द गामाचं होतं, आता ती मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे. बेर्ताताईंचे वडील लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९३० साली भर विधिमंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला होता, त्यांचं हे नाव. आत शिरल्यावर भिंतीवर मात्र पोर्तुगीजांच्या पराक्रमाची निळी फरशीचित्रं तशीच आहेत. पुसलेली नाहीत.

मैदानात हुतात्म्यांचं स्मारक उभं राहिलं. दर वर्षी १८ जून आणि १९ डिसेंबरला तिथे फुलं वाहतात. आणि आल्बुकर्कच्या त्या मंडपात १९८६ साली टी. बी. कुन्हा यांचे अवशेष मुंबईहून आणून कलशात ठेवले. ज्याने देश जिंकला त्याच्या जागी, ज्याला देशाबाहेर नेऊन कोंडलं तो आला. खांब तेच आहेत.

पण गोष्ट तिथे संपत नाही. मुक्ती मिळाल्यावर लोकांपुढे नवा प्रश्न आला, महाराष्ट्रात यायचं की वेगळं राहायचं? आपल्याकडच्या पुष्कळांना वाटत होतं की गोवा महाराष्ट्रात यावा. १६ जानेवारी १९६७ ला मत घेतलं. सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने लोकांनी वेगळं राहायचं ठरवलं. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. या वेळी कुणी बंदूक दाखवली नाही. लोकांना विचारलं, त्यात बायकांनाही विचारलं, आणि उत्तर मानलं. आमच्या मते मुक्ती म्हणजे हेच. ज्याचं घर त्याला विचारायचं.

आजही गोव्यात कुणाला गाऱ्हाणं मांडायचं असलं की ते आझाद मैदानात येऊन बसतात. खाणीवाले येतात, शिक्षिका येतात, जमिनीसाठी भांडणारे येतात. जिथे सैन्याची कवायत व्हायची तिथे लोक सरकारला जाब विचारतात. स्मारकाची खरी देखभाल अशी होते.

भाकऱ्या कुणी भाजल्या?

हे सगळं आम्ही गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. कोपऱ्यात बसलेल्या एक आजी, सीमेजवळच्या गावातल्या, बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या आवशीन हेंच्यासाठी भाकऱ्यो भाजलेल्यो. ता खंय लिवलेला आसा?"

बैठक शांत झाली. आजींनी सांगितलं ते असं. त्या तेव्हा लहान होत्या. लांबून लांबून माणसं यायची, भाषा कळायची नाही. अंगणात बसायची. आई रात्रभर तांदळाच्या भाकऱ्या थापायची, शेजारणी पीठ आणून द्यायच्या. सकाळी माणसं निघायची. संध्याकाळी सगळी परत यायची नाहीत. एकाची चप्पल आईने पुष्कळ दिवस पडवीत ठेवली होती, न जाणो मागायला येईल म्हणून.

मैत्रिणींनो, हे कुठेच लिहिलेलं नाही. दगडावर नाव कोरायचं तर जागा थोडी असते. गोळी लागलेल्याचं नाव तिथे यायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण त्या माणसाच्या पोटात शेवटची भाकरी कुणी घातली, हेही त्याच इतिहासात येतं. आणि ते सांगणाऱ्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत. दर पावसाळ्यात त्यातल्या दोन-चार कमी होतात.

म्हणून आम्ही ठरवलंय, आणि तुम्हीही ठरवावं असं वाटतं. प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या निदान दोन म्हाताऱ्या बायकांची आठवण मोबाईलवर रेकॉर्ड करायची. विषय गोव्याचाच हवा असं नाही. दुष्काळ असेल, धरणात गेलेलं गाव असेल, गिरणीचा संप असेल, पहिली शाळा असेल. करताना एवढं पाळा.

आधी त्यांना विचारा, सांगायचं आहे का आणि कुणाला ऐकवलं तर चालेल. नको म्हणाल्या तर तिथेच थांबा.

सुरुवातीला त्यांचं नाव, माहेरचं गाव आणि आजची तारीख त्यांच्याच तोंडून बोलून घ्या.

पंखा आणि टीव्ही बंद करा. मोबाईल त्यांच्या जवळ ठेवा, हातात फिरवू नका.

"तेव्हा तुम्ही काय करत होता?" असं विचारा. "तेव्हा काय झालं?" असं विचारलं की बायका नवऱ्याची गोष्ट सांगतात. पहिल्या प्रश्नाला त्या स्वतःची सांगतात.

साल चुकलं तर मधे टोकू नका. सणवार, पीकपाणी, कुणाचा जन्म यावरून साल मागाहून काढता येतं.

त्या बोलीत बोलल्या तर तशाच बोलू द्या. शुद्ध करायला जाऊ नका.

रेकॉर्ड झालं की एक प्रत त्यांच्या घरी द्या आणि एक आमच्याकडे पाठवा. आम्ही लावू. आजींची गोष्ट आम्ही लावली, तेव्हा त्या स्वतः पडवीत बसून ऐकत होत्या. मागाहून सूनबाईंनी सांगितलं, आजींनी रेडिओ बंद करू दिला नाही, पुढचा बाजारभावाचा कार्यक्रमही ऐकला. म्हणाल्या, आणखी कुणी भाकऱ्यांबद्दल बोलली तर?

पुढच्या वेळी पणजीला गेलात तर आझाद मैदानात दहा मिनिटं थांबा. मंडपाचे खांब बघा, स्मारकापुढे उभ्या राहा, आणि बरोबरच्या लेकीसुनांना ही गोष्ट सांगा. आम्हाला जे विचारल्यावर सांगता आलं नाही, ते त्यांना तरी सांगता यावं.

पुढच्या बुधवारी, याच वेळी. तोवर नमस्कार.